बेसमेंटमध्ये बेडरूम करायची आहे – काउंटीचं परमिट कसं काढायचं?

अंगणवेल

नमस्कार मंडळी. आम्ही उत्तर व्हर्जिनियात राहतो. घराचं बेसमेंट अजून कच्चंच आहे. काँक्रीटच्या भिंती, एका कोपऱ्यात फर्नेस (घर गरम ठेवणारं यंत्र) आणि वॉटर हीटर, समोरच्या भिंतीवर इलेक्ट्रिक पॅनल, वर छताला चिकटून दोन बुटक्या खिडक्या. बाहेर जायला वेगळं दार नाही. सासू-सासरे पुढच्या वर्षीपासून बरेच महिने इथे राहणार आहेत, म्हणून खाली एक बेडरूम, बाथरूम आणि बसायची खोली करून घ्यायचं ठरतंय. दोघंही सत्तरीच्या पुढचे, पण जिना सहज चढतात-उतरतात.

दोन कॉन्ट्रॅक्टर घरी येऊन गेले. पहिला म्हणाला, "आतलं काम आहे, बाहेरून कोणाला दिसत नाही, परमिटच्या फंदात पडू नका, पैसेही वाचतील." दुसरा म्हणाला, "परमिट घ्या, पण तुमच्या नावावर काढा, मला लवकर काम सुरू करता येईल." नवरा म्हणतो रीतसर करू, पण सुरुवात कुठून करायची हेच कळत नाहीये. काउंटीच्या साइटवर इतके फॉर्म आहेत की डोकं चक्रावतं. शिवाय आमच्याकडे एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) आहे, त्यांना विचारायचं की काउंटीला?

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सह्यकडा

अंगणवेल, आधी एक गोष्ट नक्की करून घ्या: तुमच्या पत्त्यावर अधिकार कोणाचा? टपालाच्या पत्त्यात एखाद्या गावाचं नाव असलं म्हणजे घर त्या गावाच्या हद्दीत असतंच असं नाही. व्हर्जिनियात स्वतंत्र शहरं काउंटीच्या बाहेर मोडतात, त्यांचं खातं वेगळं. व्हिएन्ना किंवा लीसबर्गसारखी टाउन मात्र काउंटीच्या आत आहेत. तिथे झोनिंगची (जमिनीच्या वापराची) मंजुरी टाउनकडून घ्यावी लागते आणि बिल्डिंग परमिट काउंटी देते. काउंटीच्या नकाशावर स्वतःचा भूखंड (पार्सल) शोधला की हे लगेच कळतं.

इतर राज्यांतल्या वाचकांसाठी: न्यू जर्सीत एडिसनसारख्या ठिकाणी हे काम टाउनशिपचं आहे, काउंटीचा संबंध नाही. इलिनॉयमध्ये नेपरव्हिलच्या हद्दीत असाल तर शहराकडे जायचं, कुठल्याच गावाच्या हद्दीत नसाल तर काउंटीकडे. कॅलिफोर्नियातही तसंच, कूपर्टिनो-सनीव्हेलवाल्यांनी सांता क्लारा काउंटीच्या ऑफिसात अर्ज घेऊन जाऊ नये.

व्हर्जिनियाची एक सोय अशी की बांधकामाचा कोड (नियमसंहिता) १९७३पासून सगळ्या राज्याला एकच आहे. काउंटीने काउंटीला नियम बदलत नाहीत. बदलते ती अर्जाची पद्धत, फी आणि वेळ. त्यामुळे शेजारच्या काउंटीतल्या मित्राने केलेलं काम तुम्हाला बऱ्यापैकी उपयोगी पडेल.

एचओए आणि काउंटी या दोन पूर्ण वेगळ्या वाटा आहेत. एकाची मंजुरी दुसऱ्याला चालत नाही. आतल्या कामाला एचओए सहसा काही विचारत नाही, पण बाहेरून दिसेल असा बदल केलात, उदाहरणार्थ खिडकी मोठी केलीत, तर त्यांच्या आर्किटेक्चरल कमिटीकडे अर्ज लागेल. तो आजच टाका, कमिटीची बैठक कधी असेल त्यावर सगळं अडून राहतं.

कोरा_कागद

आमच्या ओळखीत बहुतेकांनी प्लॅनवर त्या खोलीला 'डेन' किंवा 'स्टडी' लिहिलंय. म्हणजे बेडरूमला लागणाऱ्या मोठ्या खिडकीचा खर्च येत नाही आणि परमिटही मिळतं. नंतर आत पलंग टाकला तर कोण बघायला येतंय?

किनारा

कोरा_कागद, तुम्ही चांगल्या मनाने सांगताय हे कळतंय, पण या सल्ल्याला माझा अगदी ठाम विरोध आहे. का ते सविस्तर लिहिते.

बेसमेंटमधली बेडरूम वरच्या बेडरूमपेक्षा एका बाबतीत फार वेगळी असते. तिथून निघायला एकच जिना असतो, आणि तो थेट घराच्या मधोमध उघडतो. रात्री स्वयंपाकघरात आग लागली तर धूर त्याच जिन्यात असणार. खाली झोपलेल्या माणसाला दुसरी वाट हवी, आणि ती वाट म्हणजे खिडकी. कोडमधला हा नियम त्यासाठीच आहे. अग्निशमन दलाचा माणूस पाठीवर हवेची टाकी घेऊन त्याच खिडकीतून आत यायचा असतो.

आता मापं. उघडलेल्या खिडकीतून मिळणारी प्रत्यक्ष मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट हवी. उंची किमान २४ इंच, रुंदी किमान २० इंच. खिडकीची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. इथे बरेच जण फसतात: २० बाय २४ची खिडकी घेतली की झालं असं वाटतं. पण तो गुणाकार ४८० चौरस इंच येतो, म्हणजे साडेतीन चौरस फूटसुद्धा नाही. उंची २४ इंचच ठेवायची असेल तर रुंदी सव्वाचौतीस इंचांच्या आसपास लागते, आणि रुंदी २० ठेवली तर उंची ४१ इंचांच्या वर जाते. वर-खाली सरकणाऱ्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो, त्यामुळे ती फारच मोठी घ्यावी लागते. दारासारखी बाजूला उघडणारी केसमेंट खिडकी बेसमेंटला सोयीची.

खिडकी जमिनीखाली असेल तर बाहेर खड्डा खणून विंडो वेल करावी लागते. तिचं क्षेत्रफळ किमान ९ चौरस फूट आणि भिंतीपासून पुढे किमान ३६ इंच मोकळं. खड्डा ४४ इंचांपेक्षा खोल असेल तर कायमची शिडी किंवा पायऱ्या. वर झाकण बसवलंत तर ते आतून, किल्ली किंवा अवजार न घेता, साध्या जोराने उघडलं पाहिजे. मी तर म्हणेन की झाकण बसवल्यावर सासूबाईंनाच ते ढकलून बघायला सांगा. कोडमध्ये बसणारं झाकण आणि सत्तरीतल्या बाईला खरोखर उचलता येणारं झाकण यांत फरक असू शकतो.

खालच्या कडेचंही तेच. ४४ इंच ही कोडची शेवटची मर्यादा आहे, तिथपर्यंत जायलाच हवं असं नाही. ४४ इंच म्हणजे साधारण उंचीच्या बाईच्या छातीच्या जरा खाली. तिथून चढून बाहेर पडणं तरुण माणसालाही जड जातं. भिंत कापायचीच आहे, तर खिडकी आणखी खाली आणा. खर्चात फार फरक पडत नाही, कारण मुख्य खर्च काँक्रीट कापण्याचा, वर लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई) टाकण्याचा आणि खोदकामाचा असतो. विंडो वेलही नुसती शिडी लावलेली घेण्यापेक्षा पायऱ्या-पायऱ्यांची घ्या.

आता 'डेन'बद्दल. व्हर्जिनियात प्लॅनवर झोपायची खोली म्हणून दाखवलेल्या खोलीला हा नियम लावतात. म्हणून तर ही पळवाट निघाली. पण कागदावर शब्द बदलला म्हणून जिन्यातला धूर कमी होत नाही. आणि तिथे झोपणार आहेत ते आपलेच आईवडील, ज्यांना रात्री इंग्रजीतून ९११शी बोलायलाही कदाचित अडखळायला होईल. इतर कुठल्याही गोष्टीत पैसे वाचवा. बाथरूमच्या टाइल्स साध्या घ्या, कार्पेट पुढच्या वर्षी टाका. पण ही खिडकी करा.

रानजाई

किनारा यांना शंभर वेळा अनुमोदन.

कोरा_कागद

किनारा, तुमचं म्हणणं पटलं. आमच्या खालच्या खोलीत पाहुणे झोपतात, या बाजूने मी विचार केला नव्हता. झालेल्या बेसमेंटमध्ये आता अशी खिडकी करता येते का?

किनारा

येते. पाया कापायचा म्हणून परमिट लागेलच, पण बाकीचं बेसमेंट मोडावं लागत नाही, खिडकीभोवतीचीच भिंत उघडतात. तोवर पाहुण्यांना वर झोपवा आणि खाली धुराचा व कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना ते आजच तपासा.

निळाई

आम्ही आमचं बेसमेंट गेल्या वर्षी पूर्ण केलं. परमिट माझ्या नावावर होतं, कारण फ्रेमिंग आम्ही दोघांनी केलं. त्या अनुभवावरून लिहितेय.

घरमालकाला स्वतःच्या घराचं परमिट काढता येतं. तसं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं की काम मी करतोय किंवा माझ्या जबाबदारीवर होतंय. पण अंगणवेल, काम कॉन्ट्रॅक्टर करणार आणि परमिट तुमच्या नावावर, हे अजिबात करू नका. असं मागणाऱ्या माणसाकडे बहुधा परवाना नसतो, किंवा कामाची जबाबदारी त्याला नको असते. इन्स्पेक्शनमध्ये काही चुकलं तर काउंटी तुम्हाला विचारेल, त्याला नाही. व्हर्जिनियात कॉन्ट्रॅक्टरचा परवाना राज्याच्या डीपीओआर खात्याच्या साइटवर नाव टाकून तपासता येतो, फुकट. कॉन्ट्रॅक्टरने फसवलं तर भरपाईसाठी राज्याचा एक निधी आहे, पण तो फक्त परवानाधारकांच्या बाबतीत लागू होतो. विनापरवाना माणसाला काम दिलंत तर ते दारही बंद.

प्लॅनसाठी आर्किटेक्ट लागलाच पाहिजे असं नाही. साध्या बेसमेंटला हाताने काढलेला, पण मापात काढलेला प्लॅन चालतो. मी चौकटीच्या कागदावर काढला. त्यात हे दाखवलं: भिंती, प्रत्येक खोलीचं नाव, छताची उंची, दारं-खिडक्यांची मापं, फर्नेस-वॉटर हीटरची जागा, पॅनल, धुराचे अलार्म. राहत्या खोलीला छताची उंची ७ फूट लागते, तुळई किंवा डक्टखाली (हवेच्या मोठ्या नळीखाली) ६ फूट ४ इंच चालते. तुमच्याकडे डक्ट कुठून जातात ते आधी टेप घेऊन मोजा, कारण तिथे ड्रायवॉल (भिंती-छताला लावायचे जिप्समचे तक्ते) चढल्यावर दोन-तीन इंच सहज जातात.

पॅनलसमोर ३० इंच रुंद आणि ३६ इंच खोल जागा कायम मोकळी ठेवावी लागते. पॅनल बाथरूममध्ये किंवा कपड्यांच्या कपाटात येता कामा नये. तुमचा पॅनल समोरच्या भिंतीवर आहे म्हणताय, तर बाथरूमची जागा ठरवताना हे आधी बघा. आमची पहिली आखणी याच कारणासाठी परत आली. परत येणं म्हणजे नकार नव्हे. तपासणाऱ्याने मुद्दे लिहून दिले, आम्ही दुरुस्त करून पुन्हा अपलोड केलं, मंजूर झालं.

बिल्डिंग परमिटशिवाय इलेक्ट्रिक, प्लंबिंग आणि मेकॅनिकल ही वेगळी परमिटं असतात. सहसा ज्या त्या कामाचा परवानाधारक माणूस ती काढतो. फीवर राज्याचा २ टक्के अधिभार लागतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं, भिंती बंद करायची घाई करू नका. क्रम असा: बाथरूमसाठी फरशी फोडली असेल तर जमिनीखालच्या पाइपांची तपासणी, मग काँक्रीट. नंतर फ्रेमिंग, वायरिंग, पाइप, डक्ट हे सगळं उघडं असताना रफ-इन तपासणी. मग इन्सुलेशन. ते पास झालं की ड्रायवॉल. शेवटी फायनल. आमच्या रफ-इनला इन्स्पेक्टरने बॅटरी घेऊन भिंतीची वरची कड बघितली. काँक्रीट आणि लाकडी फ्रेमच्या मधल्या पोकळीतून आग वर चढू नये म्हणून तिथे फायरब्लॉकिंग लागतं, आणि भिंतीच्या लांबीतही दर १० फुटांच्या आत. एका कोपऱ्यात ते राहिलं होतं, ते त्यांनी नेमकं पकडलं. काँक्रीटला टेकणारं खालचं लाकूड प्रेशर ट्रीटेड (कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेलं) आहे ना, तेही बघितलं. हा माणूस आपल्याला अडवायला येत नाही. आपल्याला न दिसणारं तो बघून देतो, आणि तेही फीमध्येच. प्रश्न विचारा, बहुतेक जण मनापासून समजावून सांगतात.

ओळंबा

मी पुण्यात स्थापत्य अभियंता आहे, सहज वाचत होतो. इथे जोत्यापर्यंत काम आलं की जोते तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र असतं. तुमच्याकडची रफ-इन तपासणी मात्र मला फार महत्त्वाची वाटली. भिंतीच्या आतली वायर आणि पाइप बंद होण्याआधी सरकारी माणसाने डोळ्यांनी बघायचं, ही टप्प्याटप्प्याची पद्धत आपल्याकडच्या छोट्या घरांना फारशी मिळत नाही. महाराष्ट्राच्या २०२०च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीने लहान भूखंडांची परवानगी बरीच सोपी केली, ते चांगलंच झालं, पण मंजुरीनंतर साइटवर कोण बघतं हा प्रश्न उरतोच.

अंगणवेल, एक तांत्रिक सूचना. पायाची भिंत कापताना वरून कुठलं वजन येतंय ते बघा. जॉइस्ट (वरच्या मजल्याची जमीन पेलणाऱ्या तुळया) त्या भिंतीवर टेकत असतील तर लिंटेलचं गणित इंजिनिअरकडून करून घ्या. जॉइस्टना समांतर जाणारी भिंत निवडता आली तर काम हलकं होतं.

टेक्सासकर

टेक्सासमध्ये चित्र वेगळं आहे. इथे काउंट्यांना झोनिंगचा अधिकार साधारणपणे नाहीच, आणि शहराच्या हद्दीबाहेर घराच्या बांधकामावर काउंटीचं लक्ष शहरांच्या मानाने कमी. पण पूरक्षेत्राचे नियम कडक आहेत. २०१७च्या हार्वी चक्रीवादळानंतर हॅरिस काउंटीने ते आणखी कडक केले. त्यामुळे "काउंटीत आहोत, काही लागत नाही" असं समजून कोणी भराव घालू नका किंवा खोली वाढवू नका. बेसमेंट आमच्याकडे जवळजवळ नसतातच, म्हणून त्याबद्दल बोलत नाही.

रानजाई

मला दुसऱ्या बाजूने सांगायचंय, घर विकत घेणाऱ्याच्या.

आम्ही घेतलेल्या घराचं बेसमेंट सुंदर दिसत होतं. लाकडी बार, बाथरूम, सगळं. ताबा घेतल्यावर बाथरूमचा पंखा बदलायला इलेक्ट्रिशियन बोलावला आणि त्याने छत उघडलं. आत वायरी जोडून नुसती टेप गुंडाळलेली, जंक्शन बॉक्सच नाही. मग काउंटीत चौकशी केली. त्या पत्त्यावर बेसमेंटचं एकही परमिट नव्हतं. आधीच्या मालकांनी सगळं काम परमिटशिवाय करून घेतलं होतं. मागाहून परमिट घेता येतं, आम्ही घेतलं, पण तपासणीसाठी चांगला रंगवलेला ड्रायवॉल ठिकठिकाणी कापावा लागला. पैसा गेला तो गेलाच, पण माझी मुलं त्या वायरींखाली खेळत होती याचा राग अजून जात नाही.

व्हर्जिनियात घर विकताना मालकाला फार थोड्या गोष्टी सांगणं बंधनकारक आहे, बाकी बघून घेण्याची जबाबदारी खरेदीदाराची. म्हणून घर बघणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती: ऑफर देण्याआधी काउंटीच्या साइटवर पत्ता टाकून परमिटचा इतिहास बघा. बेसमेंट, डेक (घराला जोडलेला लाकडी ओटा), वाढवलेली खोली, यातलं जे दिसतंय त्याचं परमिट आहे का आणि फायनल तपासणी पास झाली आहे का, दोन्ही बघा. परमिट काढून फायनल न केलेलीही बरीच घरं असतात.

डेकच्या बाबतीत तर हे नक्कीच करा. डेकची जी फळी घराच्या भिंतीला जोडतात ती नुसत्या खिळ्यांवर असेल तर माणसांनी भरलेला डेक सुटून पडू शकतो. तिथे बोल्ट किंवा त्यासाठीचे खास स्क्रू लागतात.

अंगणवेल

सगळ्यांचे किती आभार मानू! दोन्ही कॉन्ट्रॅक्टरना नाही सांगितलं. आता तिसऱ्याशी बोलणं झालंय, त्याचा परवाना डीपीओआरवर तपासला, परमिट तो स्वतःच्या नावावर काढणार आहे. प्लॅन नवऱ्याने निळाई यांच्या यादीप्रमाणे काढला, बाथरूम पॅनलपासून लांब नेली. खिडकी मागच्या अंगणाच्या बाजूला, ओळंबा यांनी सांगितल्याप्रमाणे जॉइस्टना समांतर असलेल्या भिंतीत. किनाराताई, खालची कड ३० इंचांवर आणतोय, आणि वेल पायऱ्यांची. एचओएचा अर्जही गेला.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर खिडकीची जागा दाखवली. त्यांचा पहिला प्रश्न, "तिथून ऊन येईल का?" येईल, दक्षिणेची बाजू आहे.

अजून दोन शंका. खिडकीसाठी अंगणात खोदायचंय, तिथून गॅसची लाइन जाते का ते कसं कळणार? आणि बेसमेंटमध्ये जमिनीतून येणारा रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू असतो म्हणतात, त्याचं परमिटमध्ये काही असतं का?

सह्यकडा

खोदण्याआधी ८११ला (जमिनीखालच्या लाइन दाखवून देणाऱ्या सेवेला) फोन, किंवा त्यांच्या साइटवर विनंती टाका. सेवा मोफत आहे. मग गॅस, वीज वगैरे कंपन्यांची माणसं येऊन जमिनीवर रंगाने खुणा करतात: पिवळा गॅस, लाल वीज, निळा पाणी, नारिंगी फोन-इंटरनेट, हिरवा सांडपाणी. कॉन्ट्रॅक्टर खोदणार असेल तर विनंती त्याने टाकायची, पण टाकली ना ते विचारा आणि खुणा झाल्याशिवाय फावडं लावू देऊ नका. ही माणसं मुख्य लाइन मीटरपर्यंतच दाखवतात. मीटरपलीकडची तुमची स्वतःची लाइन, ग्रिलसाठी नेलेला गॅस किंवा अंगणातल्या दिव्यांची वायर, त्यात येत नाही.

किनारा

३० इंच वाचून फार बरं वाटलं. वेलच्या तळाशी खडी आणि पाणी जायला वाट ठेवायला सांगा, पायाभोवतीच्या ड्रेनला जोडता आलं तर उत्तम. नाहीतर जोरदार पावसात ती खिडकीच्या काचेला लागेपर्यंत भरते.

रेडॉनचं: बेसमेंटच्या परमिटमध्ये सहसा विचारत नाहीत, पण चाचणी आत्ताच करा, भिंती चढण्याआधी. हार्डवेअरच्या दुकानात चाचणीचा संच मिळतो, बेसमेंटमध्ये ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचा. इपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या) मते आकडा ४ पिकोक्युरी प्रतिलिटर किंवा वर आला तर उपाय करावा. उपाय म्हणजे फरशीखालून पाइप टाकून पंख्याने हवा छतावर सोडणं. बाथरूमसाठी तुमची फरशी फुटणारच आहे, तेव्हाच तो पाइप टाकून घेतला तर पुन्हा फोडावी लागणार नाही. तिसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडून त्याचा वेगळा दर मागवून घ्या आणि चाचणीचा आकडा आला की इथे टाका.